उंब्रजला बघू

सातारा मागे पडला आणि गाडीच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला. मागच्या डाव्या चाकातली हवा गेली होती.

हरीभाऊंनी वेग कमी केला, पण गाडी थांबवली नाही.

"अहो, ते बघा दुकान," उमाताई म्हणाल्या.

"रनफ्लॅट टायर आहे. हवा गेली तरी चालतो, म्हणून तर पुष्करने हे टायर घेतले. उंब्रजला बघू."

"उंब्रज लांब आहे अजून."

"उंब्रजलाच बघू."

उमाताईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग पर्समधून फोन काढून त्या सांगलीला मुलाला, पुष्करला, मेसेज करू लागल्या. हरीभाऊंचं लक्ष रस्त्यावर होतं. बँकेत त्यांची सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली होती. निवृत्त झाले तरी तपासायची सवय सुटली नव्हती. दूधवाला असो, इलेक्ट्रिशियन असो, उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न ते हमखास विचारायचे आणि समोरचा काय सांगतो ते शांतपणे ऐकून घ्यायचे.

वाटेत आणखी दोन-तीन दुकानं मागे गेली. मागून धपधप असा बारीक आवाज यायला लागला होता.

उंब्रजला सर्व्हिस रोडवर 'प्रांजल टायर्स'ची पाटी होती. दुकान मोठं, स्वच्छ. मालक नाथाजी स्वतःच पुढे आले. चाक काढून त्यांनी टायर रिमवरून उतरवला. खिळा सापडला.

"किती चालवली अशी?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच दिवा लागला. या अलीकडच्या पुलापाशी," हरीभाऊ म्हणाले.

उमाताई हायवेवरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या बघत राहिल्या.

नाथाजींनी टॉर्च लावून टायरच्या आत पाहिलं. आतल्या कडेवरून सावकाश तळवा फिरवला. हात बाहेर आला तेव्हा त्यावर रबराचा काळा भुगा होता. त्यांनी तो फडक्याला पुसला.

"साहेब, खरं सांगू का," ते म्हणाले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नाव बघून ते आत कॉम्प्रेसरच्या पलीकडे गेले. तिथल्या आवाजात बाहेर काही ऐकू येत नव्हतं.

तोवर त्यांच्या बायकोने, मनुबाईंनी, चहा आणला.

"लांबनं आलाय व्हय?"

"साताऱ्याला लग्न होतं. आता सांगलीला घरी," उमाताई म्हणाल्या.

"आमची पोरगी बी सांगलीलाच असती. कॉलेजात शिकवती."

"हो का?" उमाताई म्हणाल्या, आणि चहा छान झाल्याचं त्यांनी सांगितलं.

नाथाजी परत आले. टायर उगाच एकदा फिरवून पाहिला.

"मग?" हरीभाऊंनी विचारलं. "पंक्चर काढायचं की टायर बदलायचा? कंपनी तर म्हणते, बदला."

"कंपनी बदलाच म्हननार."

"तुमच्याकडे आहे नवा?"

"ह्या मापाचा एक हाय."

"मग बसवून टाका. किंमत सांगा फक्त."

नाथाजींनी टायर खाली ठेवला.

"नगं," ते म्हणाले. "उगं कशाला? खिळा मधोमध हाय, कडंला न्हाई. आतनं पॅच मारून देतो."

"धोका नाही ना? मी खरंच घेतो नवा."

"आवं, कशाला साहेब." नाथाजींनी टॉर्च खिशात घातला. "फकस्त सावकाश जावा. आन् घरी गेल्याव दुसऱ्या कुनाला तरी एकदा दाखवून घ्या."

पॅच मारायला फार वेळ लागला नाही. चाक बसवून झाल्यावरही नाथाजी त्याच्यापाशी उकिडवे बसून राहिले होते. गाडी निघाली तेव्हा ते उठले आणि पुन्हा म्हणाले, "सावकाश."

हायवेला लागल्यावर हरीभाऊ कितीतरी दिवसांनी मोकळे हसले.

"बघितलंस? मी स्वतः नवा मागत होतो. सहज गळ्यात मारता आला असता. दोनदा विचारलं, तरी नाही म्हणाला."

"झालं तुमचं समाधान? मुलगी तर तुम्हाला आधीच आवडली होती."

"मुलगी हुशार आहे, प्रश्नच नाही. पण घर कसं आहे ते कळायला नको? आता कळलं. आमच्या ऑफिसातही अशी माणसं मोजकीच होती. पुष्करला सांग, रविवारी आपण रीतसर बोलणी करायला येतोय."

उमाताईंनी लगेच मेसेज केला. समोर रस्ता मोकळा होता. गाडी छान पळत होती, धपधप आवाज थांबला होता. हरीभाऊंनी वेग वाढवला.

थोड्याच वेळात नाथाजींचा फोन वाजला. त्यांची लेक प्रांजल होती.

"आप्पा, पुष्करच्या आईचा निरोप आलाय. रविवारी येतायत ते, बोलणी करायला."

नाथाजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नशीब, त्याचे बाबा परीक्षा बघायला येतायत हे आईनं वाटेतनं पुष्करला कळवलं आणि माझा फोन तुम्हाला वेळेवर लागला. तुम्ही नवा घ्या म्हणाला असतात तर त्याचे बाबा लग्नाला कधीच हो म्हणाले नसते."

"व्हय."

"आप्पा, गाडीचा आवाज येतोय. कुठं निघालात?"

"त्यांच्या मागं. पुष्करला म्हनावं, आईला फोन लाव आन् गाडी हाय तिथं थांबवाय सांग. त्यो टायर आतनं पार फाटलाय, प्रांजल. कऱ्हाड बी गाठनार न्हाई."