उसाच्या रसासारखी

"यंदाची वाइन चाखून सांगा, सरूबाई. माझ्या तोंडाची चवच गेलीय," इटलीहून येऊन या खोऱ्यात पहिली वाइन करणारे साहेब अंथरुणातून म्हणाले.

स्वयंपाकाच्या सरूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. दारू ओठाला लावायची कशी? पाठ फिरवून त्यांनी बाटलीचा नुसता वास घेतला. "गोड झालीय साहेब, अगदी उसाच्या रसासारखी!"

साहेबांनी भिंतीकडे तोंड केलं. पहाटे गेले.

मातीला अख्खं खोरं लोटलं. सगळ्यांना वाइन करायला त्यांनीच शिकवलेलं. घरी परतल्यावर त्यांच्या चेल्यानं तीच बाटली चाखली आणि त्याला रडू फुटलं. "साखर औषधालाही नाही! गोड राहिली असती, तर फसली असती. साहेबांना जन्मभर हवी होती, तश्शी झालीय."

सरूबाईंनी माळ काढून ठेवली, घोट घेतला.

"तुरट आहे हो, साहेब," त्या रिकाम्या खाटेला म्हणाल्या.