उतारा

प्लेगच्या धास्तीने सुरतेतली अर्धी लिंबायत वस्ती आपापल्या गावाकडे पळाली, पण धुरपदाबाईचा नवरा सुकलाल तापाने खाटेवर पडलेला. तिने घरची कोंबडी त्याच्यावरून सात वेळा उतरवली आणि रोग घेऊन जा म्हणत खाडीपलीकडे सोडून दिली. तिसऱ्या दिवशी सुकलाल उठून बसला.

आठव्या दिवशी शेजारची उज्ज्वला दारात उभी. काखेत तीच कोंबडी.

"मावशी, खाडीकडे सापडली. मान टाकली होती बिचारीनं. हळदीचं पाणी पाजलं, लसूण भरवला, चार दिवस उशाशी घेऊन झोपले, तेव्हा कुठे उभी राहिली. पायातली चिंधी तुमच्या साडीची वाटते. तुमचीच ना?"

बोलता बोलता उज्ज्वला खोकली.

धुरपदाबाई एक पाऊल मागे सरली. हो म्हणावं, तर घालवलेला रोग परत घरात घ्यायचा. नाही म्हणावं, तर तो या पोरीच्या गळ्यात बांधायचा.

"नाही गं बाई," ती खाली बघत म्हणाली. "चिंध्या काय, साऱ्या सुरतभर असतात. तूच ठेव."

 

कोंबडी उज्ज्वलाच्या काखेतून निसटली आणि जुन्या सवयीने सुकलालच्या खाटेखाली जाऊन बसली.