रपट्याच्या अलीकडे

अफरोजने जीप रपट्याच्या अलीकडेच उभी केली आणि चावी काढून खिशात टाकली. विठ्ठलरावांना पहिली शंका आली ती त्या चावीवरून. जरा वेळ थांबणारा माणूस चावी खिशात घालत नाही.

"वरतं पाणी पडून राह्यलं काका," अफरोज म्हणाला. "नाल्याले लोंढा येईन. थांबा लागते."

विठ्ठलरावांनी मान बाहेर काढून पाहिलं. नाल्यावरचा तो बुटका पूल कोरडा ठणठणीत होता. पात्रात शेळ्या वाळक्या शेंगा शोधत हिंडत होत्या. डोंगराकडे काळंभोर भरून आलं होतं खरं, गडगडतही होतं. पण या मे महिन्यात तिकडे रोजच गडगडायचं आणि रोजच नुसता धुरळा उडायचा.

शिवाय आज थांबून चालणार नव्हतं. राळेगावचे पाहुणे सुरभीला बघायला घरी येऊन बसले होते. मुलाचे मामा वामनराव जुन्या वळणाचे. मुलीचा बाप समोर असल्याशिवाय ते मुलीला बाहेर बोलावूच देत नसत, आणि अंधाराच्या आत परत निघणार हे त्यांनी आधीच बजावलं होतं. हे स्थळ आज हुकलं की कायमचं हुकलं. सुरभीला अजून नर्सिंग शिकायचं होतं. पण ते लग्नानंतरही शिकता येतं, असं विठ्ठलरावांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

सकाळी मात्र पोरीनं त्यांना खूश केलं. पाहुण्यांसमोर दारव्ह्याचेच पेढे ठेवायचे आणि ते बाबांनीच चाखून आणायचे, हा हट्ट तिचा. अफरोजच्याच जीपनं ती रोज कॉलेजला जायची. माणूस भरवशाचा आहे, असं तीच म्हणायची.

भरवशाचा! विठ्ठलरावांनी सभोवार नजर फिरवली. रपट्याला लागूनच बिस्मिल्लाबीची भज्यांची टपरी. बिस्मिल्लाबी म्हणजे अफरोजची सख्खी खाला. कढई तापलेली, बेसन कालवलेलं, आणि पातेलं रोजच्यापेक्षा मोठं. वाटेत अफरोजला एक फोन आला होता. "हो, हो, समजलं" एवढंच बोलून त्यानं तो ठेवला होता. जीपभर माणसं टपरीसमोर आणून बसवायची आणि पावसाचं नाव पुढे करायचं. बरं जमवलं होतं मावशी-भाच्यानं.

त्यांनी बिस्मिल्लाबीला विचारलं, पाणी खरंच येणार का. तिनं झारा हलवत भाच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्यालेच इचारा भाऊ."

तेवढ्यात एक मोटारसायकल रपट्यावरून आरामात पलीकडे गेली. टायरसुद्धा ओला झाला नाही. बाकीचे प्रवासी भज्यांत रमले होते. विठ्ठलरावांनी घरी फोन लावला. उचलला सुरभीनं. पाहुणे बसले आहेत, वामनराव सारखे घड्याळ बघताहेत, म्हणाली. मग शांतपणे म्हणाली, "बाबा, जिवापेक्षा पाहुणे मोठे नाही. तुम्ही बसा तिथंच. इकडचं आम्ही पाहून घेऊ."

पोर शहाणी आहे, विठ्ठलरावांना वाटलं. अशा पोरीचं स्थळ भज्यांपायी मोडायचं? त्यांनी पेढ्यांचा डबा काखेत मारला आणि रपट्याकडे चालू लागले. पलीकडे कोणाची तरी गाडी मिळालीच असती.

अफरोज धावत आला. आधी हाताला धरलं, मग गयावया केली, आणि काहीच चालेना तेव्हा काखेतला डबा ओढून मागे पळाला.

"पेढे टाकून जासान का काका?"

विठ्ठलराव तावातावानं परत फिरले. जीपपाशी दोघांची झोंबाझोंबी चालली. त्याच्या खालेच्या धंद्यापासून त्याच्या वाडवडिलांपर्यंत सगळ्यांचा त्यांनी उद्धार केला. लोक हसत होते.

मग शेळ्या एकदम काठावर चढल्या. मागून घरघर आली, आणि वळणाआडून मातकट पाण्याची भिंत आली, मुळासकट उपटलेली बाभूळ पुढे ढकलत. बघता बघता रपटा दिसेनासा झाला. विठ्ठलराव मघाशी निघाले होते तसे पुढे गेले असते, तर या वेळी बरोबर मधोमध असते. हसणं थांबलं. बिस्मिल्लाबीच्या हातातला झारा तसाच वर राहिला.

विठ्ठलराव मटकन बाकावर बसले. स्थळ गेलं ते गेलं, बाप राहिला. चार भज्यांवरून आपण देवमाणसावर संशय घेतला, या विचारानं त्यांची मान खाली गेली. जरा धीर आल्यावर त्यांनी डबा उघडला. पहिला पेढा अफरोजला भरवायचा आणि सगळ्यांदेखत त्याची माफी मागायची, असं ठरवून ते उठले.

अफरोज जीपच्या मागे होता. चेहरा पांढरा पडलेला, फोन कानाशी, नजर पाण्यावर.

"सुरभीताई," तो हळू आवाजात सांगत होता, "पाहुणे गेले का नाही ते मंग सांग. तुह्या म्हणण्यावरून मी तं पाण्याचं खोटंच सांगतलं होतं. ते खरंच आलं."