दोरीवरच्या नऊ साड्या

"बाप रे, ही दोरी तर बघा!" शेखर थबकला.

सकाळपासून तो नदीकाठच्या वस्तीत पायपीट करत होता. सरकारी साडी रेशनकार्डामागे एकच. यंदा वस्तीसाठी पाच कूपनं जादा आली होती, आणि ती खऱ्या गरजूंना द्यायचं काम वॉर्डाच्या समितीनं शेखरच्या गळ्यात मारलं होतं. अर्ज आले एकेचाळीस. मग त्यानं स्वतःच एक कसोटी काढली. घरात शिरायचं नाही, रडगाणं ऐकायचं नाही, दारात वाळत घातलेल्या साड्या मोजायच्या. तीनच्या वर भरल्या की नाव कट!

दुपारपर्यंत त्याला अगदी शिसारी आली. एकीनं चांगल्या साड्या शेजारणीच्या पत्र्यावर दडवल्या होत्या. दुसरी मुद्दाम फाटकं नेसून दारात उभी. शी! फुकट म्हटलं की माणसं किती खाली उतरतात!

पण या दोरीनं कहरच केला. निळी, मोरपंखी, जरीकाठाची. साड्यांतलं त्याला काही कळत नव्हतं, आकडा कळत होता. बोट नाचवत त्यानं मोजायला सुरुवात केली.

"किती भरल्या साहेब?" विरलेल्या पदराला हात पुसत सगुणाबाई बाहेर आली.

"नऊ! आणि वर जादा कूपन मागता?"

"नऊच ना?" तिचा जीव भांड्यात पडला. "सकाळी वारा लय होता हो." मग तिच्या ध्यानात आलं. "अवं साहेब, रविवारी सिन्नरचे पाहुणे येनार हायेत, माझ्या वेदिकाला बघाया. पोरीला नेसाया धड साडी नाय. या साड्या तर..."

"पुरे! दारात नऊ साड्या आणि पोरीला एक नाही? असली नाटकं सकाळपासून बघतोय मी. किळस आलीय!"

त्यानं तिच्यादेखत तिचं नाव खोडलं, पाच जणींच्या यादीवर सही ठोकली आणि फोटो काढून तिथूनच समितीला पाठवला. सगुणाबाई दोरीकडे वळली आणि वाळलेल्या साड्या काढू लागली.

संध्याकाळी घरी आल्यावरही त्याचा संताप उतरला नव्हता.

"लाज नावाची चीज उरली नाही गं लोकांना," तो बायकोला म्हणाला.

"आधी चहा घ्या," निकिता आतूनच म्हणाली. तेवढ्यात बेल वाजली. "बघा हो जरा, धुणंवाल्या मावशी असतील. मशीन बंद पडून महिना झाला, तुम्हाला कुठे पत्ता!"

शेखरनं दार उघडलं. दारात घड्यांचं गाठोडं घेऊन सगुणाबाई उभी होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिनं गाठोडं त्याच्या हातात ठेवलं.

"वहिनींना सांगा, नऊ हायेत. तुमी मोजल्याच हायेत, साहेब."