बासष्ट किलो

आष्ट्याच्या शेडमध्ये चार जुन्या स्पोर्ट्स बाइक उभ्या होत्या. दोन काळ्या, एक निळी आणि एक लाल. मिलिंदनं लाल निवडली, पण घ्यायच्या आधी त्याला तिचं खरं वजन हवं होतं. एमएस्सी झाल्यापासून ऐकीव आकडा त्याच्या गळी उतरत नसे.

"वजन करून घ्यायला बोकड हाय व्हय रं?" म्हणत त्याच्या मित्रानं, रविराजनं, शेजारचं आपलं हळदीचं गोदाम उघडलं आणि मोठा काटा मोकळा करून दिला.

गाडी काट्यावर उभी केली. एकशे सत्तर.

"बस तरी एकदा, गड्या."

मिलिंद बसला. टाकी गुडघ्यांत अशी चपखल बसली, की त्याला उतरावंसंच वाटेना. काटा दोनशे बत्तीस दाखवत होता. त्याचे बासष्ट किलो बरोबर जमले.

तो उतरला. आकडा दोनशे बत्तीसच राहिला.

"काटा अडकला वाटतं," म्हणत रविराजनं पन्नास किलोचं पोतं गाडीला टेकवून काट्यावर ठेवलं. दोनशे ब्याऐंशी. पोतं काढलं, पुन्हा दोनशे बत्तीस.

गाडीची मागची बाजू अजून दबलेलीच होती. रविराज आता हसत नव्हता.

दोघांनी गाडी ढकलून खाली घेतली. आकडा शून्यावर आला. पोतं ठेवलं, तर पन्नास. काढलं, तर शून्य.

मग मिलिंद एकटाच काट्यावर चढला आणि दोन्ही पाय जुळवून स्थिर उभा राहिला.

शून्य.