सलुकींची खोली

बिल्किस चौकटीला हात लावून दारात आडवी उभी राहिली. अंगणात तिचा नवरा हमदुल्ला होता आणि त्याच्या हातातल्या दोरीला एक कुत्री. उंच, निमुळत्या तोंडाची, पोट पाठीला लागलेली. सकाळी ती त्याला मुरुडच्या किनाऱ्यावर सापडली. गळ्यात पट्टा होता, पट्ट्यावर नाव नव्हतं. शनिवारी गाडीतून आलेल्या कुणीतरी रविवारी तिला सोडून गाडी वळवली होती, हे कुणी वेगळं सांगायला नको होतं. मे महिन्याच्या वाळूने तिचे पाय भाजले होते.

"कुत्रा उंबऱ्याच्या आत येनार न्हाय," बिल्किस म्हणाली.

"कुत्रा न्हाय ही. सलुकी हाय."

सलुकी म्हणजे काय, हे बिल्किसला समजवायची गरजच नव्हती. हमदुल्लाने आखातात अठ्ठावीस वर्षं एका शेखच्या शिकारी सलुकी सांभाळल्या होत्या. फोनवर घरची खुशाली दोन वाक्यांत आटपायची आणि मग सलुकींचं पुराण लागायचं. त्या कशा पळतात, काय खातात, अरब लोक त्यांना कुत्रा म्हणतसुद्धा नाहीत, तंबूत आपल्या शेजारी निजवतात. बिल्किस त्यांना सवती म्हणायची आणि ती काही नुसती थट्टा नव्हती. दोन वर्षांपूर्वी तो कायमचा घरी आला तेव्हा सुटले एकदाची, असं तिला वाटलं होतं. आणि आज एक सवत थेट अंगणात.

जनावरांचे डॉक्टर दीपेश यांनी पायांना मलम लावताना सांगितलं होतं की ही सलुकी नव्हे, कारवानी. आपल्याच घाटावरची जात, पण मूळ म्हणे तिकडचं, जुन्या काळी अरब व्यापाऱ्यांबरोबर आलेलं. हमदुल्लाला तेवढं पुरे झालं. अरबांबरोबर आली आणि इथलीच होऊन गेली, म्हणजे आपल्याच खानदानातली, असं त्याने बायकोला ऐकवलं. बिल्किस हसली नाही. कुत्रा असतो त्या घरात फरिश्ते येत नाहीत, आणि या घरात पाच वेळची नमाज होते. बांधायचीच असेल तर मागे नारळाची पत्र्याची शेड आहे, तिथे बांधा, असं सांगून ती आत गेली.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं, ते हमदुल्ला अंगणातूनच बोलला. हिला ताप आहे, थंडाव्यात ठेवा, आजचा दिवस निभला तर जगेल. वाद घालणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तो तिला मागे घेऊन गेला.

दुपारी त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. कालवणातल्या मांदेलीकडे त्याने बघितलंही नाही. बिल्किसला बोलल्याशिवाय राहवेना. तुमच्या शेखच्या लाडक्या मे महिन्यात कुठे असायच्या, असं तिने कुचकटपणे विचारलं.

"एसीत," तो म्हणाला. "खाली गालिचा. पानी पन थंड."

"आनि तुमी?"

"आमी पत्र्याच्या खोलीत. आठ जन." त्याचं सगळं लक्ष मागच्या दाराकडे होतं.

बिल्किसचा वाढता हात थांबला. "फोनवर तर सांगायचात, एसी हाय म्हनून."

तेव्हा कुठे हमदुल्लाला आपण काय बोलून गेलो ते कळलं. तो ओशाळून हसला.

"व्हता की. सलुकींच्या खोलीत. फोन मी तितनंच करायचो. मागं घरघर आवाज यायचा ना तुला?"

यायचा. अठ्ठावीस वर्षं यायचा. इथे वीज गेली की बिल्किस विंझणा हलवत बसायची आणि त्या घरघरीची आठवण काढून स्वतःला समजवायची, की घरातला एक जीव तरी थंडाव्यात आहे. या एका समाधानावर तिने कितीतरी उन्हाळे काढले होते. तिला रडू आलं, रागही आला, आणि राग नेमका कुणाचा ते कळेना. हात न धुताच ती उठली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

शेडची कडी हाताला चटका देत होती. तिने ओढणीच्या टोकात धरून ती काढली. आतली वाफ तोंडावर आली. कुत्री दाराखालच्या फटीला नाक लावून पडली होती. तिने डोळे तेवढे वर केले. बिल्किस तिला ओलांडून आत गेली आणि नारळाच्या ढिगापाशी उभी राहिली. डोक्यावर पत्रा तडतडत होता. आठ माणसं इथे कशी निजत असतील, कुणाचं डोकं कुठे आणि कुणाचे पाय कुठे, ते ती बघत राहिली. ओढणी घामाने मानेला चिकटली तरी ती हलली नाही.

"बिल्किस, भायेर ये," हमदुल्ला दारातून म्हणाला. "चक्कर येल."

ती बाहेर आली. वाकून दोरी सोडली आणि त्याच्या हातात दिली.

"मधल्या खोलीत न्या हिला. पंख्याखाली."

तो गोंधळला. दोरी घेऊन जागच्या जागीच उभा राहिला.

"आनि नमाज?"

"मी पडवीत पढीन," बिल्किस म्हणाली. "पन पत्र्याखाली आता कुनी निजायचं न्हाय."