तव्याएवढा मीटर

बासष्ट साली गाडी हलकी होऊन जोरात पळावी म्हणून उमरखेडच्या हाफिज मिस्त्रीकडून देवसिंगनं आपली मोटारसायकल पार नागडी करून घेतली. मडगार्ड गेलं, पेटी गेली, शेवटी हँडलवरचा तव्याएवढा जुना मीटरही गेला आणि त्याच्या जागी नागपूरहून आणलेला वाटीएवढा नवाकोरा मीटर बसला. तवा होता तेव्हा गाडी ताशी चाळीस मैलांच्या वर जात नसे. वाटेतल्या म्हशीही तिला मागं टाकत. ज्याला खोटं वाटेल त्यानं म्हशींना विचारावं.

नव्या मीटरचा काटा पहिल्याच फेरीत चौसष्टवर गेला.

"पाह्यलं मिस्त्री? त्या तव्याच्या ओझ्यानंच मेलती गाडी!" देवसिंग भरबाजारात नाचला.

त्याचा साळा भावसिंग तिथंच उभा होता. त्याची गाडी पन्नास मैलांनी धावायची.

"भाऊजी, लावता का मग शर्यत?"

"लावतो! हरलो तं हे गाडी तुही. दोन वर्षं राबलो हिच्यासाठी, पण हरतच नाही तं भेव कायचं?"

बघ्यांत मीही होतो, शर्यत सुटायचा रुमाल मीच हलवला. दोघंही पुसदच्या रस्त्यावर धुराळ्यात दिसेनासे झाले.

मग हाफिज मिस्त्रीनं नव्या मीटरचा रिकामा खोका माझ्यापुढं धरला. "गुरुजी, आकडे तं मले समजते, पण हे इंग्रजीत काय लिवलं आहे?"



खोक्यावर लिहिलं होतं किलोमीटर. आणि चौसष्ट किलोमीटर म्हणजे ते जुने चाळीस मैलच.